चौघांचं गाणं, दोघांच्या हाती: फ्रेडी मर्क्युरी व्हायोलिन आणि पियानोवर

'क्वीन' हा ब्रिटिश बँड स्टेजवर 'बोहेमियन रॅप्सडी' पूर्ण वाजवायचा, तेव्हा मध्येच एक गंमत व्हायची. गाण्याचा ऑपेरासारखा भाग जवळ आला की चौघेही कलाकार स्टेज सोडून आत निघून जायचे. मग दिव्यांचा खेळ सुरू व्हायचा आणि स्टुडिओत रेकॉर्ड केलेली टेप वाजायची. तो भाग संपून रॉकचा दणका सुरू झाला की चौघे पुन्हा हजर!

यात फसवणूक अजिबात नव्हती. तो भाग चार माणसांना प्रत्यक्ष गाता येण्यासारखाच नव्हता. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक इतक्या वेळा रेकॉर्ड केले होते की त्या थरांची संख्या 180च्या आसपास गेली, असं सांगतात. टेप पुन्हा पुन्हा फिरवून इतकी झिजली की तिच्यातून आरपार दिसायला लागलं होतं.

आणि आज तेच गाणं फक्त दोन माणसं वाजवतात. एकाच्या हातात व्हायोलिन, दुसऱ्यासमोर पियानो. ना गायक, ना ड्रम, ना गिटार. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, संगीत शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात अशा जोड्या आता आपल्याकडेही दिसतात. काही ऐकताना अंगावर काटा येतो. काही ऐकताना मात्र आपण हळूच मोबाईल काढतो. गाणं तेच, वाद्यं तीच, मग हा फरक कुठून येतो?

पाचगणीचा पियानो

फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबारमधल्या पारशी कुटुंबात. वयाच्या आठव्या वर्षी त्याला भारतात शिकायला पाठवलं गेलं, ते थेट आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स या बोर्डिंग शाळेत. याच शाळेत तो रीतसर पियानो शिकला आणि मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही काढला. त्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.

1964 मध्ये बलसारा कुटुंब झांझिबार सोडून इंग्लंडला गेलं. पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे: क्वीन, 1985चा 'लाइव्ह एड' कार्यक्रम, 24 नोव्हेंबर 1991 रोजी अवघ्या 45व्या वर्षी झालेला मृत्यू आणि 2018चा सिनेमा.

आपल्या विषयासाठी यातली एक गोष्ट महत्त्वाची. फ्रेडीची अनेक मोठी गाणी पियानोसमोर बसून तयार झाली. त्याच्यासाठी पियानो म्हणजे विचार करण्याची जागा होती. त्यामुळे ही गाणी पियानोवर आणणं म्हणजे त्यांना परक्या घरी पाठवणं नव्हे, तर एका अर्थी माहेरी आणणं आहे. खरा प्रश्न व्हायोलिनचा आहे. गायकाची जागा ते घेऊ शकेल का?

हे आपल्याला नवीन नाही

गळ्यातलं गाणं वाद्यावर आणण्याचा अनुभव भारतीय कानांना भरपूर आहे. व्हायोलिन मुळात युरोपचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालुस्वामी दीक्षितर यांच्यासारख्या कलाकारांनी ते कर्नाटक संगीतात आणलं आणि आज त्याच्याशिवाय तिथली मैफल अपुरी वाटते. हिंदुस्तानी संगीतात एन. राजम आणि डी. के. दातार यांनी व्हायोलिनला गायकी अंग दिलं. मराठी घरांत तर प्रभाकर जोग यांचं 'गाणारं व्हायोलिन' कित्येक वर्षं वाजत आलंय. भावगीताचा एकही शब्द न उच्चारता ते ऐकणाऱ्याच्या मनात अख्खं कडवं उभं करायचे.

पण इथे एक मोठा फरक आहे. आपलं भावगीत एका सुरेल रेषेसारखं असतं. ती रेषा व्हायोलिनने नीट उचलली की निम्म्याहून जास्त काम झालं. फ्रेडीचं गाणं मात्र अनेक मजल्यांच्या इमारतीसारखं आहे. वर चाल, तिच्याखाली तीन-चार आवाजांची हार्मनी, त्याखाली गिटारचे थर, सगळ्यात खाली बेस आणि ड्रम. यातली फक्त वरची रेषा उचलली तर इमारत कोसळते. म्हणून इथे व्हायोलिनला पियानोची नुसती साथ पुरत नाही, बरोबरीचा जोडीदार लागतो.

पाश्चात्त्य संगीतात ही बरोबरी जुनीच आहे. मोझार्ट आणि बीथोव्हेन यांच्या ज्या रचनांना आपण सहजपणे 'व्हायोलिन सोनाटा' म्हणतो, त्या त्यांच्या काळात 'पियानो आणि व्हायोलिनसाठी' अशा नावाने छापल्या जायच्या. पियानोचं नाव आधी!

दोन वाद्यं, दोन स्वभाव

या दोन वाद्यांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. पियानोची पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून आवाज कमी कमी होत जातो. वाजलेला सूर नंतर फुगवता येत नाही, वाकवता येत नाही, त्यातून मींड निघत नाही. व्हायोलिनचा गज मात्र तारेवर फिरत असेपर्यंत सूर जिवंत राहतो. तो हळू सुरू करून मोठा करता येतो, थरथरवता येतो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेता येतो. म्हणजे माणसाच्या गळ्याच्या जवळ जाणारं वाद्य व्हायोलिनच.

पण व्हायोलिनलाही मर्यादा आहे. त्याची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज, गोलाकार असतो. त्यामुळे गज एका वेळी आरामात दोनच तारांवर टेकतो. तीन-चार सूर हवे असतील तर ते झरकन एकापाठोपाठ एक छेडावे लागतात. पियानोला दहा बोटं आहेत. म्हणून वाटणी साधारण अशी होते: गाणारी रेषा व्हायोलिनकडे आणि इमारतीचे खालचे मजले पियानोकडे.

ही वाटणी शेवटपर्यंत तशीच ठेवली, तर मात्र गाणं पाच मिनिटांत सपाट होतं. चांगल्या जोड्या मध्येच अदलाबदल करतात. चाल पियानोकडे जाते आणि व्हायोलिन मागे राहून हार्मनीचे लांब सूर धरतं किंवा बोटांनी तारा छेडून ताल सांभाळतं.

'बोहेमियन रॅप्सडी' कशी बसवतात?

31 ऑक्टोबर 1975 रोजी आलेलं हे गाणं पावणेसहा मिनिटांहून मोठं आहे. रेडिओवर इतकं लांब गाणं कोण लावणार, अशी शंका तेव्हा अनेकांना होती. पण ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाण्यात सलग फिरून येणारं धृपद नाही. एकामागून एक वेगळे भाग येतात आणि दोन वाद्यांना प्रत्येक भागासाठी वेगळी युक्ती शोधावी लागते.

सुरुवात. मूळ गाण्यात इथे फक्त आवाजांची हार्मनी आहे. व्हायोलिन दोन तारांवर दोन आवाज धरतं आणि उरलेले पियानो भरतो. इथे पियानोने जरा हलक्या हाताने वाजवलं नाही, तर व्हायोलिनचे आवाज बुडून जातात.

संथ भाग. इथे फ्रेडीची ती प्रसिद्ध पियानोची लड येते. डावा हात उजव्या हातावरून पलीकडे जाऊन वरचे सूर छेडतो. ही लड शक्यतो कुणी बदलत नाही, कारण तीच गाण्याची ओळख आहे. व्हायोलिनला मात्र मोह होतो तो चाल एकदम वरच्या पट्टीत, गोड आवाजात वाजवण्याचा. समजूतदार वादक पहिलं कडवं खालच्या जाड तारांवर, पुरुषाच्या आवाजाच्या मूळ उंचीवर वाजवतो. तिथे व्हायोलिनचा आवाज जरा खरखरीत, छातीतून आल्यासारखा लागतो. दुसऱ्या कडव्यात तो एक सप्तक वर जातो. सगळी उंची आधीच खर्च केली तर पुढे चढायला जागा उरत नाही.

गिटार सोलो. ब्रायन मे यांनी इथे गायलेल्या चालीची नक्कल न करता स्वतंत्र चाल वाजवली आहे. व्हायोलिनसाठी ही मेजवानीच, कारण गिटारची तार ओढून मिळणारी लवचीक मींड गजावर सहज निघते.

ऑपेरा. सगळ्यात अवघड भाग. इथे आवाज एकमेकांशी भांडतात. एकीकडून हाक, दुसरीकडून नकार, मध्येच 'गॅलिलिओ', 'फिगारो', 'बिस्मिल्ला' असे शब्द. दोन वाद्यं 180 थर वाजवू शकत नाहीत आणि त्यांनी तसा प्रयत्नही करू नये. इथे कामाला येतो तो संवाद. पियानोचा खर्ज विरुद्ध व्हायोलिनचा तार सप्तक, जोरदार आघात विरुद्ध हलकं पिझिकाटो, म्हणजे बोटाने तार छेडणं. जुगलबंदीतले सवाल-जवाब ज्यांनी ऐकलेत, त्यांना हा भाग लगेच ओळखीचा वाटेल. आणि टेप न लावता, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे भांडण घडतं. क्वीनला स्टेजवर जे करता आलं नाही, ते इथे दोन माणसं आपल्या पद्धतीने करून दाखवतात.

रॉक. ड्रमशिवाय रॉक कसा वाजणार? पियानोचा डावा हात खालच्या सप्तकात जोडसूर ठोकून ड्रम आणि बेस दोन्हींचं काम करतो. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडणारा तो झोल सुटता कामा नये. आणि व्हायोलिनकडे इथे एक लपलेलं हत्यार असतं. रॉक गिटारचा गाभा असतो 'पॉवर कॉर्ड', म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पंचम. आपल्या भाषेत सा आणि प. आता व्हायोलिनच्या तारा पाहा: जी, डी, ए, ई. शेजारच्या कोणत्याही दोन तारांमध्ये नेमकं षड्ज-पंचमाचंच अंतर! म्हणजे पॉवर कॉर्ड व्हायोलिनच्या अंगातच आहे. गजाचा हाताजवळचा जड भाग तारांवर दाबून ओढला की हे नाजूक वाद्य चक्क गुरगुरतं.

काळी पाच की पांढरी सहा?

पेटी वाजवणाऱ्या वाचकांना आवडेल असा एक पेच इथे आहे. मूळ गाणं सुरू होतं बी फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी पाचमध्ये, आणि रॉकचा भाग आहे ई फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी दोनमध्ये. या दोन्ही पट्ट्या व्हायोलिनला जरा बंदिस्त वाटतात, कारण त्यांचे मुख्य सूर मोकळ्या तारांवर येत नाहीत. बोट न ठेवता वाजणारी मोकळी तार जास्त घुमते.

सगळं गाणं अर्ध्या सुराने खाली घेतलं तर? काळी पाचची पांढरी सहा होते आणि काळी दोनची पांढरी दोन. ए आणि डी, दोन्ही व्हायोलिनच्या मोकळ्या तारा! रॉकच्या भागात तर डी आणि ए या दोन तारा नुसत्या एकत्र ओढल्या की पॉवर कॉर्ड तयार.

मग सगळे असंच का करत नाहीत? कारण प्रत्येक सोयीची किंमत असते. ऑपेराचा जो भाग मूळ गाण्यात सोप्या पांढरी सहामध्ये सुरू होतो, तो आता अडचणीच्या काळी चारमध्ये जातो. शिवाय ज्यांच्या कानात मूळ गाणं पक्कं बसलंय, त्यांना ते किंचित उतरल्यासारखं वाटू शकतं. काही जण म्हणूनच मूळ पट्टी सोडत नाहीत. यात चूक-बरोबर काही नाही. पण हा निर्णय विचार करून घेतलाय की आयतं नोटेशन उतरवलंय, हे ऐकताना कळतं.

शब्द गेले, मग उरलं काय?

हा खरा धोक्याचा भाग. गाण्यात एक तरुण आईजवळ आपला गुन्हा कबूल करतो. शब्द काढले की तो तरुणही गेला, आईही गेली आणि गुन्हाही. उरते ती एक सुंदर चाल. आणि सुंदर चाल फार लवकर हॉटेलच्या लॉबीतलं पार्श्वसंगीत होऊन जाते.

क्वीनचे मॅनेजर जिम बीच यांनी फ्रेडीची एक आठवण सांगितली आहे. माझ्या संगीताचं हवं ते करा, फक्त मला कंटाळवाणा करू नका, अशा अर्थाचं तो म्हणाला होता. पुन्हा मांडणी करणाऱ्या प्रत्येकासाठी याहून मोठी मोकळीक नाही आणि याहून कडक अटही नाही.

यावरचा उपाय आपल्या गायकी अंगाच्या वादकांना केव्हाच सापडलाय: वाजवणाऱ्याला शब्द पाठ हवेत. गायक जिथे श्वास घेतो तिथे गज उचलायचा. जिथे शब्द अडखळतो तिथे सूरही किंचित अडखळू द्यायचा. जोरात म्हटलेलं आणि पुटपुटलेलं यातला फरक गजाच्या दाबातून दाखवायचा. ऐकणाऱ्याला शब्द माहीत नसले तरी कुणीतरी काहीतरी सांगतंय, एवढं त्याच्यापर्यंत पोहोचतं.

फ्रेडीनेच उघडलेलं दार

शब्दांशिवाय गाणं उभं राहू शकतं, हे फ्रेडीने स्वतःच करून पाहिलं होतं. 1987 मध्ये त्याने पियानोवादक माइक मोरान यांच्यासोबत 'एक्सरसाइजेस इन फ्री लव्ह' ही रचना रेकॉर्ड केली. यात एकही शब्द नाही. फक्त पियानो आणि त्यावर तरंगणारा फ्रेडीचा उंच आवाज. जणू गळ्याचं व्हायोलिनच केलंय!

त्याच वर्षी तो आपल्या लाडक्या ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांना बार्सिलोनात भेटला आणि ही रचना त्यांना ऐकवली. काही दिवसांतच लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये, मोरान यांच्या पियानोसोबत, त्यांनी ती स्वतः गायली. पुढे याच चालीला स्पॅनिश शब्द मिळाले आणि 1988च्या 'बार्सिलोना' अल्बममध्ये ती 'एन्सुएन्यो' नावाने आली. एकच चाल आधी निःशब्द, मग ऑपेरा गायिकेच्या गळ्यात, मग शब्दांसह. 2012 मध्ये हा अल्बम खऱ्या ऑर्केस्ट्रासह नव्याने तयार झाला, तेव्हा त्यात डेव्हिड गॅरेट यांचं व्हायोलिनही आलं.

'लव्ह ऑफ माय लाइफ' या गाण्याचंही तसंच. 1975च्या अल्बममध्ये त्यात पियानो आहे, हार्प आहे, आवाजांचे थर आहेत. पण कार्यक्रमात फ्रेडी ते फक्त ब्रायन मे यांच्या बारा तारांच्या गिटारवर गायचा आणि उरलेलं काम हजारो श्रोते गाऊन करायचे. गाणं कमी वाद्यांवर आणलं की त्याचा अपमान होत नाही, हे बँडनेच दाखवून दिलं होतं.

घरी कुणी शिकत असेल तर

तुमच्या घरी व्हायोलिन किंवा पियानो शिकणारं कुणी असेल, तर थेट 'बोहेमियन रॅप्सडी'ला हात घालू नका. 'लव्ह ऑफ माय लाइफ'पासून सुरुवात करा. चाल संथ आहे आणि दोन वाद्यांना एकमेकांचं ऐकायला वेळ मिळतो. मग 'एक्सरसाइजेस इन फ्री लव्ह' घ्या. तिथे आधार द्यायला शब्दच नाहीत, त्यामुळे सुरातून बोलणं शिकावंच लागतं. मोठी चढाई त्यानंतर.

आणखी एक सवय लावा. आधी दोघांनीही मूळ गाणं मोठ्याने गाऊन बघा. आवाज कसाही असो! जिथे तुमचा श्वास संपतो, तिथे गजालाही थांबायचंय.

एक व्यवहाराची गोष्टही लक्षात ठेवा. भारतात संगीतरचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे फ्रेडीच्या स्वतःच्या रचना इथे 2051 संपेपर्यंत हक्काखाली आहेत. घरी सराव करायला कुणाची आडकाठी नाही, पण तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल, रेकॉर्डिंग विकायचं असेल किंवा स्वतः केलेली मांडणी छापायची असेल, तर आधी परवानगीची चौकशी करा.

आणि ऐकणाऱ्यांसाठी एक छोटी परीक्षा. मूळ 'बोहेमियन रॅप्सडी' संपते ती रॉजर टेलर यांनी वाजवलेल्या मोठ्या घंटेच्या, म्हणजे गाँगच्या, मंद आघाताने. व्हायोलिन आणि पियानोकडे गाँग नाही. काही जोड्या तो भाग सरळ गाळतात. काही पियानोची सगळ्यात खालची पट्टी हळूच दाबून, पेडलवर पाय ठेवून, तो आवाज विरेपर्यंत थांबतात. काही जण व्हायोलिनचा शेवटचा सूर इतका बारीक करत नेतात की तो कधी संपला ते कळतच नाही. पुढच्या वेळी अशी जोडी ऐकाल तेव्हा लगेच टाळ्या वाजवू नका. त्या शेवटच्या दोन सेकंदांत ते काय करतात, तेवढं ऐका.